कोलकात्याच्या पहिल्या भुयारी रेल्वेला तेवीस वर्षं का लागली?

गोव्यात फर्मागुढीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. कोलकात्याच्या दमदम–टॉलीगंज भुयारी रेल्वेची पायाभरणी १९७२ मध्ये झाली आणि १६.४५ किलोमीटरचा तो मार्ग पुरा व्हायला १९९५ उजाडलं. कोकण रेल्वेचे सुमारे ७४० किलोमीटर मात्र आठ वर्षांच्या आत झाले. मग कोलकात्याची दिरंगाई निव्वळ सरकारी ढिलाई समजायची का? आणि जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की पणजीत कधी भुयारी रेल्वे होऊ शकेल का?

माझी उमेदीची वर्षं कोकण रेल्वेच्या गोव्यातल्या बोगद्यांत गेली आणि नंतरची शहरांखालच्या मेट्रोच्या कामांवर, त्यामुळे या तुलनेच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. ढिलाई होती, हे आधीच मान्य करतो. पण ती पैशाच्या पुरवठ्यात आणि कामाआधीच्या तयारीत होती. जे लोक प्रत्यक्ष खंदकात उतरून काम करत होते, त्यांनी त्या मातीत, त्या काळातल्या साधनांनी जे करून दाखवलं त्याला ढिलाई म्हणणं अन्याय होईल. आणि कोकण रेल्वेशी तुलना करायचीच असेल, तर ७४० किलोमीटरशी करू नका. आपल्या पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्याशी करा.

कोलकात्यात जमिनीखालून रेल्वे नेण्याचा विचार १९७२ च्या खूप आधीचा आहे. १९२१ मध्ये हार्ली डॅलरिंपल-हे या इंग्रज अभियंत्याने पूर्वेकडच्या बागमारीपासून हुगळीखालून हावड्याच्या बाजूला सलकियापर्यंत जाणारा मार्ग आखून दिला होता. हा माणूस लंडनच्या भुयारी मार्गांवर काम केलेला, म्हणजे आराखडा हवेतला नव्हता. पैसे नाहीत म्हणून तो बासनात गेला. पुढे डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना १९४९ मध्ये फ्रेंच तज्ज्ञांना बोलावून पाहणी झाली, त्यातूनही काही उभं राहिलं नाही. शेवटी १९६९ मध्ये रेल्वेने महानगर वाहतूक प्रकल्प नावाची स्वतंत्र शाखा काढली आणि सोव्हिएत व पूर्व जर्मन तज्ज्ञांच्या मदतीने १९७१ मध्ये एकूण ९७.५ किलोमीटरच्या पाच मार्गांचा बृहद आराखडा तयार केला. त्यातला उत्तर–दक्षिण मार्ग सर्वांत निकडीचा ठरला. १ जून १९७२ ला मंजुरी मिळाली आणि २९ डिसेंबर १९७२ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली.

निकड खरी होती. शहराच्या क्षेत्रफळापैकी जेमतेम ४.२ टक्के भाग रस्त्यांखाली होता. इतर मोठ्या शहरांत हेच प्रमाण २५ ते ३० टक्के असतं. महानगराची लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात, रस्त्यांवर ट्राम, बस, हातगाड्या, हातरिक्षा. रस्ते रुंद करायला जागा नाही. वरून पूल बांधत नेण्याचा पर्याय त्या काळी, त्या गल्ल्यांत, कुणाला पटण्यासारखा नव्हता. म्हणून जमिनीखाली जाणं हा तिथे चैनीचा विषय नव्हता.

आता मातीकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

कोलकाता गंगेच्या गाळावर बसलेलं आहे. वरचे काही मीटर बऱ्यापैकी घट्ट, तपकिरी गाळमिश्रित माती. त्याखाली १४-१५ मीटरपर्यंत करडी, मऊ चिकणमाती, आणि तिच्यात कुजलेल्या लाकडाचे थर. त्याच्याही खाली कंकर म्हणजे चुनखडे असलेली निळसर घट्ट चिकणमाती. पाण्याची पातळी जवळजवळ रस्त्याला टेकलेली. भुयारी स्थानकाचा तळ नेमका त्या मऊ थरात किंवा त्याच्या खालच्या कडेला येतो.

विद्यार्थ्यासाठी एक ढोबळ गणित मांडतो. खंदक १४ मीटर खोल धरा. खंदकाबाहेरच्या मातीचं वजन घनमीटरला १.८ टन धरलं, तर तळाच्या पातळीवर बाहेरून दर चौरस मीटरला सुमारे २५ टनांचा भार आहे आणि आत मात्र काहीच नाही, कारण आतली माती आपण काढून टाकली. बाहेरची माती खालून वळसा घालून आत घुसायला बघते. तिला अडवते ती तळाच्या चिकणमातीची कातर-ताकद, म्हणजे मातीचा एक भाग दुसऱ्यावरून सरकू न देणारी ताकद. मऊ करड्या थरात ती दर चौरस मीटरला दोन ते तीन टन असते, आणि तळ टिकवायला तिच्या साधारण सहापट एवढाच आधार हिशेबात धरता येतो. म्हणजे १२ ते १८ टन. समोर २५ टन उभे! म्हणून आजूबाजूची भिंत त्या मऊ थरातून आरपार, खालच्या घट्ट थरात रोवल्याशिवाय खोदायला सुरुवातच करता येत नाही. आणि तळाला काँक्रीट झाल्यावरही सुटका नाही: पाण्याखाली दर दहा मीटरला चौरस मीटरमागे दहा टनांचा रेटा खालून वर येत असतो. रिकामी स्थानकपेटी वर तरंगायला बघते. तिचं स्वतःचं वजन, छतावर परत भरलेली माती आणि बाजूच्या भिंतींचं घर्षण, या सगळ्यांनी मिळून तिला खाली धरून ठेवायचं असतं.

यासाठी वापरलेली मुख्य पद्धत म्हणजे डायफ्रॅम वॉल. आज आपल्याकडे तळघर असलेली मोठी इमारत बांधतानाही ती दिसते, पण सत्तरच्या दशकात भारतात एवढ्या लांबीवर ती कुणी केली नव्हती. आधी जमिनीच्या पृष्ठभागाशी दोन बुटक्या समांतर काँक्रीट भिंती घालतात, गाइड वॉल. त्यांच्यामधल्या फटीतून ग्रॅबचा जबडा खाली सोडून माती काढायची. माती निघेल तसं त्या फटीत बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं दाट पाणी भरत राहायचं, कारण मऊ मातीच्या उभ्या कडा नुसत्या उघड्या ठेवल्या तर तासाभरात ढासळतील. बेंटोनाइटची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा कायम वर ठेवायची. ती हातभर जरी उतरली तरी साइट इंजिनिअर धावत येतो. मग सळईचा पूर्ण पिंजरा क्रेनने उचलून त्या गढूळ द्रवात सोडायचा, ट्रेमी पाइप, म्हणजे काँक्रीट ओतायची उभी नळी, तळापर्यंत नेऊन खालून काँक्रीट भरत यायचं. काँक्रीट जड, ते तळाशी बसतं आणि बेंटोनाइट वर ढकललं जातं. ते पंपाने काढून, गाळून, भिंतीच्या पुढच्या पॅनलला, म्हणजे पुढच्या तुकड्याला वापरायचं. भिंत झाली की दोन भिंतींच्या मध्ये खोदत खाली जायचं, आणि दर काही मीटरला आडवे पोलादी स्ट्रट, म्हणजे दोन्ही भिंतींना रेटून धरणारे दांडे, घालायचे. एक स्ट्रट उशिरा लागला तर भिंत आत झुकते, बाहेरची जमीन खचते आणि शेजारच्या जुन्या वाड्याच्या भिंतीला तडा जातो. त्या वाड्यात माणसं राहत असतात.

हे सगळं चालू असताना वर शहर थांबलेलं नव्हतं. खंदकावर पोलादी डेक टाकून त्यावरून वाहतूक चालवली जात होती. चौरंगीला मैदानाची मोकळी जागा तरी होती. उत्तरेकडे चित्तरंजन अॅव्हेन्यूच्या बाजूला दोन्हीकडे जुन्या इमारती आणि त्यांचे उथळ पाये.

आणि जमिनीखाली ब्रिटिशकालीन विटांची गटारं, बिडाचे जलवाहिन्यांचे नळ, गॅसच्या वाहिन्या, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबल. यातल्या केबल वळवता येतात. पाण्याचा नळ तात्पुरता लटकवून ठेवता येतो. सर्वांत त्रास देतं ते गटार, कारण ते उतारावर वाहतं. त्याला उचलून वरून नेता येत नाही. मेट्रोची पेटी त्याच्या वाटेत आली की एकतर गटाराची पूर्ण वाट बदलायची किंवा पेटीखालून सायफन, म्हणजे खाली जाऊन पुन्हा वर येणारी नळी, काढायचा. त्यातून नकाशे अपुरे. खोदल्यावर जे सापडेल ते सापडेल. शहरात जमिनीखाली काम केलेल्या कुणालाही विचारा, बोगदा खणण्यापेक्षा सेवा हलवण्यात आयुष्य जातं असंच सांगेल. कोलकात्याच्या विलंबाची जी कारणं अधिकृतपणे नोंदली गेली आहेत, त्यांत हे आहेच. त्याच्या जोडीला १९७७-७८ पर्यंत पुरेसा निधी न मिळणं, न्यायालयांचे मनाई हुकूम आणि सिमेंट-पोलादासारख्या आवश्यक मालाचा अनियमित पुरवठा.

मला यातला पैशाचा मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो, आणि तुमच्या प्रश्नात ज्याला ढिलाई म्हटलं आहे ती इथे शोधावी. काम १९७३-७४ मध्ये सुरू झालं. सुरुवातीचा अंदाज सुमारे १४० कोटींचा, पण रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून दरवर्षी मिळत होती ती तुटपुंजी रक्कम. कारखान्याची इमारत पैशाअभावी दोन वर्षं अर्धवट राहिली तर फार तर गंज चढतो. उघडा खंदक दोन वर्षं राहिला तर रोज पंप चालवावे लागतात, स्ट्रट तपासावे लागतात, डेक दुरुस्त करावा लागतो, शेजारची घरं मोजावी लागतात, आणि त्या रस्त्यावरची दुकानं बसतात. म्हणजे काम न करण्यासाठीही पैसे जातात. अशा कामाला हप्त्याहप्त्याने निधी देणं हा माझ्या मते या मार्गाच्या इतिहासातला सर्वांत महागडा निर्णय होता. शेवटी खर्च मूळ अंदाजाच्या दहापटीहून जास्त झाला. त्यात महागाईचा वाटा मोठा आहे, पण महागाईला वीस वर्षं खेळायला मैदान दिलं कुणी?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गनी खान चौधरी रेल्वेमंत्री झाले आणि कामाला जोर आला. २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर अशी ३.४० किलोमीटरच्या, पाच स्थानकांच्या मार्गावर पहिली गाडी धावली. भवानीपूर म्हणजे आजचं नेताजी भवन. भारतातली पहिली मेट्रो ती हीच. हा छोटा तुकडा आधी उघडण्याचा निर्णय अचूक होता, असं मला ठामपणे वाटतं. दहा वर्षं खड्डे सोसलेल्या लोकांना आपण काय मिळवतोय ते दिसलं, आणि त्यानंतर हा प्रकल्प गुंडाळा म्हणण्याची कुणाची हिंमत राहिली नाही. १२ नोव्हेंबरला उत्तर टोकाचा दमदम–बेलगाछिया तुकडा उघडला, तो मात्र घाईचा. बाकीच्या मार्गाशी न जोडलेल्या दोन किलोमीटरला प्रवासी कुठून मिळणार? २६ ऑक्टोबर १९९२ ला ती सेवा बंद करावी लागली. दक्षिणेकडे टॉलीगंजपर्यंत गाडी २९ एप्रिल १९८६ ला पोचली होती.

मग मधल्या भागाला आणखी नऊ वर्षं. त्यातला बेलगाछिया–श्यामबाजार हा टप्पा वेगळा आहे. वर सर्क्युलर कालवा आणि रेल्वेचं यार्ड, म्हणजे वरून खोदणं शक्यच नाही. तिथे सुमारे १.१ किलोमीटर शील्डने, म्हणजे पुढे सरकणाऱ्या पोलादी नळकांड्याच्या आडोशाने, दाबाखालच्या हवेत बोगदा काढला. बोगद्याचं तोंड हवाबंद करून आतला हवेचा दाब इतका वाढवायचा की समोरच्या मातीतलं पाणी आत येऊ शकणार नाही. कामगारांनी एअरलॉकच्या कोठडीत बसायचं, दाब हळूहळू चढवायचा, मग आत जायचं. पाळी संपल्यावर बाहेर येताना त्याहून सावकाश उतरवायचा, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे धरतात आणि जीवही जाऊ शकतो. पाणबुड्यांना जो आजार होतो तोच हा. आजचं बोगदा खणणारं यंत्र हे काम आपल्या पोटातल्या मातीच्या दाबाने करतं आणि माणूस मागे साध्या हवेत उभा असतो. त्या वेळी माणूसच त्या दाबात उभा होता. यात ढिलाई शोधणाऱ्याने एकदा एअरलॉकमध्ये बसून पाहावं.

१९९४ आणि १९९५ मध्ये उरलेले तुकडे एकेक करून जोडले गेले आणि २७ सप्टेंबर १९९५ ला महात्मा गांधी रोडजवळची शेवटची फट बुजून दमदम ते टॉलीगंज सलग गाडी सुरू झाली. सतरा स्थानकं, त्यातली पंधरा जमिनीखाली. गाडीला वीज ७५० व्होल्टच्या तिसऱ्या रुळावरून. डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, ब्रॉडगेज. परदेशी सल्ला घेतला, पण बांधलं आणि चालवलं आपल्याच लोकांनी.

आता आपल्याकडे या.

कोकण रेल्वेत ९१ बोगदे आहेत, एकूण लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास. सर्वांत लांब करबुडे, साडेसहा किलोमीटर. हे बहुतेक बोगदे सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये किंवा तशाच कठीण खडकात काढले. भोकं पाडा, सुरुंग लावा, राडारोडा उचला, पुढे सरका. खडक चांगला असेल तर तो स्वतःच छत धरून ठेवतो. वेग इथूनच आला. पण नऊ बोगदे मऊ मातीत आले, आणि त्यांत आपले पेडणे आणि जुने गोवे. कामाचं सगळं वेळापत्रक या नऊ बोगद्यांनी हलवलं.

आपल्या गोव्यातल्या घराघरांत चिऱ्याची भिंत असते, त्यामुळे जांभा म्हणजे पक्का दगड असं आपण धरून चालतो. वरचा थर तसा आहेच. त्याच्या खाली मात्र लिथोमार्ज असतो: पांढरट, पिवळसर, कुठे गुलाबी, हाताला साबणासारखी लागणारी माती. कोरडी असताना ती उभी राहते, कुदळीलाही दाद देत नाही. पाणी लागलं की काही तासांत तिची लापशी होते. पेडण्याचा बोगदा हिच्यातून जातो, आणि डोंगरावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो.

त्या तोंडाशी काम कसं चालायचं ते सांगतो. सुरुंगाचा प्रश्नच नाही. छताच्या कडेने आधी पुढच्या मातीत लोखंडी पाइप ठोकायचे, त्यांच्या छत्रीखाली हाताने अर्धा-पाऊण मीटर माती काढायची, लगेच पोलादी रिब, म्हणजे कमान, उभी करायची, मागे फळ्या आणि दगड ठासायचे, वर काँक्रीट फवारायचं. पावसाळ्यात छतातून आधी एखादी धार येते. ती स्वच्छ असली तर काळजी कमी. ती गढूळ झाली की समजायचं, वरची माती पाण्याबरोबर निघायला लागली आहे आणि आपल्या डोक्यावर पोकळी तयार होते आहे. मग सगळ्यांना बाहेर काढायचं आणि वाट बघायची. कधी धार थांबायची. कधी आठवड्याचं काम एका रात्रीत मातीखाली जायचं, आणि पुन्हा तेच मीटर तोच चमू खोदायचा. अशा बोगद्यांत माणसं गेली. मार्गाचा शेवटचा अडथळा पेडण्याच्या बाजूलाच होता. तो सुटला तेव्हा कुठे २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर सलग रेल्वे सुरू झाली.

म्हणून म्हटलं, तुलना पेडण्याशी करा. मोकळ्या डोंगरात, वर एकही घर नसताना, खाली एकही गटार नसताना, दीड किलोमीटर मऊ मातीने आपल्याला वर्षानुवर्षं रडवलं. आणि ती माती अजून शांत झालेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे बोगद्याच्या आतली भिंत ढासळून वाहतूक बंद पडली, आणि जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल येऊन गाड्या रद्द कराव्या लागल्या. कोलकात्याने अशीच पाण्याने भरलेली माती सोळा किलोमीटर हाताळली, तीही माणसांनी गच्च भरलेल्या रस्त्यांखाली, आणि पेडण्याच्या वीस वर्षं आधीच्या यंत्रांनी.

दोन्ही कामांमध्ये एक माणूस समान आहे, तो विसरून चालणार नाही. ई. श्रीधरन १९७० मध्ये उपमुख्य अभियंता म्हणून कोलकाता मेट्रोच्या आखणीवर होते आणि १९७५ पर्यंत तिथे होते. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा ते त्याचे प्रमुख झाले, आणि १९९७ पासून दिल्ली मेट्रोचे. कोकण रेल्वे स्वतंत्र महामंडळ होती. ५१ टक्के भांडवल रेल्वेचं, २२ महाराष्ट्राचं, १५ कर्नाटकचं, गोवा आणि केरळचे सहा-सहा टक्के, आणि उरलेला पैसा बाजारातून रोखे काढून. वर्षाअखेरीस अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसायचं नाही, निविदेच्या निर्णयासाठी फाइल दिल्लीला पाठवायची नाही. कोलकात्यात नेमक्या याच गोष्टी नव्हत्या. माझं मत विचाराल तर कोलकात्याने देशाला डायफ्रॅम वॉल शिकवली त्यापेक्षा हा धडा मोठा: भुयारी काम सरकारी खात्याच्या नित्याच्या चाकोरीत टाकायचं नाही. दिल्लीची चावडी बाजारसारखी दाट वस्तीखालची स्थानकं २००५ मध्ये वापरात आली, त्यामागे यंत्रांइतकाच या रचनेचा हात आहे.

यंत्रं आली म्हणून धोका संपला असंही नाही. कोलकात्याच्याच पूर्व–पश्चिम मार्गाने डॅलरिंपल-हे यांचं स्वप्न पुरं केलं. हुगळीखालचे ५२० मीटर यंत्रांनी २०१७ मध्ये सुखरूप पार केले आणि मार्च २०२४ मध्ये नदीखालून प्रवासी गाडी धावू लागली. त्याच मार्गावर ३१ ऑगस्ट २०१९ ला बहूबाजारमध्ये यंत्र पाणी असलेल्या वाळूच्या थरात शिरलं, बोगद्यात पाणी घुसलं आणि वरची जुनी घरं कोसळली. शेकडो लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. नदीखालून निर्विघ्न गेलेलं काम गल्लीखाली फसलं, कारण नदीखाली सगळे सावध असतात आणि माहितीही जास्त गोळा केलेली असते.

मुंबईच्या ३३.५ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गिकेचंही थोडक्यात सांगतो, कारण गोव्यातले विद्यार्थी ती आता स्वतः जाऊन पाहू शकतात. तिथे बेसॉल्ट आणि ब्रेशिया, म्हणजे माती नव्हे तर खडक, १७ यंत्रं, आणि काळबादेवी-गिरगावला जुन्या चाळींच्या अगदी पोटाखाली स्थानकं. ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात ती तीन टप्प्यांत उघडली. मे २०२५ मध्ये पहिल्याच मोठ्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, तेही बोगद्यातून नाही, तर बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वारातून. भुयारी रेल्वेला पाण्याचा धोका खालून जितका, तितकाच पायऱ्यांवरून असतो. गोव्याच्या पावसात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

राहता राहिली पणजी. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिका हद्दीत चाळीस हजारांच्या आसपास लोक होते आणि अख्ख्या गोव्यात साडेचौदा लाख. भुयारी रेल्वेचा खर्च तासाला हजारो प्रवाशांनी सोसायचा असतो, तेवढे प्रवासी आपल्याकडे नाहीत. आणि जमीन दोन टोकांची आहे: आल्तिनोची टेकडी जांभ्याची, पण सांतिनेज, मळा, पाटो हा सखल भाग मांडवीच्या गाळावर आणि भरावावर, तोही भरती-ओहोटीच्या हिशेबाने वर-खाली होणाऱ्या पाण्यात. एका किलोमीटरच्या आत यंत्राला घट्ट जांभा, लिथोमार्ज आणि खाडीचा चिखल असे तिन्ही थर भेटतील. यंत्राच्या तोंडात एकाच वेळी अर्धा कठीण आणि अर्धा मऊ थर येणं ही बोगदेवाल्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट अवस्था. नव्या वाहतुकीचे प्रयोग गोव्याने पाहिले आहेत. मडगावचा १.६ किलोमीटरचा स्कायबसचा चाचणीमार्ग २००४ च्या अपघातानंतर पुढे सरकलाच नाही. आपली गरज चांगल्या, वेळेवर सुटणाऱ्या बसेसची आणि रेल्वे स्थानकांना शहरांशी नीट जोडण्याची आहे. करमळी स्थानकावर उतरून पणजी गाठताना काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे.

तरी तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पणजीची जमीन हा उत्तम विषय आहे. शहरात गेल्या काही वर्षांत मलनिस्सारण, पूल आणि इमारतींसाठी जमीन तपासायला भरपूर बोअर घेतले गेले, पण ते वेगवेगळ्या खात्यांच्या फाइलींत विखुरलेले आहेत. ते मागून घ्या, एका नकाशावर मांडा, जांभ्याचा तळ आणि गाळाचा तळ यांच्या समपातळी रेषा काढा. सोबत जुन्या गटारांची आणि नळांची पातळीही नोंदवा. भुयारी रेल्वे नाही झाली तरी पुढचं प्रत्येक तळघर आणि प्रत्येक गटार याच नकाशावर बेतलं जाईल. आणि प्रत्येक बोअरमधली पाण्याची पातळी मे महिन्यातली वेगळी आणि ऑगस्टमधली वेगळी लिहा, भरतीची वेळ शेजारी टाकून.